ग्रीक शोकांतिकांतल्या खंबीर नायिका कशा वाचाव्यात

मीडिया, अँटिगनी किंवा क्लायटेम्नेस्ट्रा यांच्यावर लिहायला घेतलं की बहुतेक जण पहिल्याच वाक्यात 'सशक्त स्त्री' असं म्हणून मोकळे होतात आणि मग त्या विशेषणासाठी पुरावे गोळा करत बसतात. अशाने तिघी एकसारख्या दिसू लागतात. पोटच्या मुलांना मारणारी, भावाच्या प्रेतावर माती टाकणारी आणि नवऱ्याचा खून करणारी, या तिघींत समान म्हणून शेवटी निर्धार तेवढा उरतो. निर्धार तर या नाटकांतल्या पुरुषांकडेही भरपूर आहे.

या स्त्रियांची ताकद संवादात आहे आणि ती ओळीवर बोट ठेवून दाखवता येते. समोरचा माणूस एक बेत घेऊन येतो, हिच्याशी बोलतो आणि जाताना त्याचा बेत बदललेला असतो. तो कुठल्या ओळीला बदलला आणि कशामुळे, हे सांगता आलं की पात्र हाती लागलं. आणि जिथे तो बदलत नाही, तिथे का बदलला नाही, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. पुढची पद्धत याच प्रश्नांभोवती बांधलेली आहे.

आधीची तयारी

समासात ओळींचे आकडे छापलेला अनुवाद घ्या. हे आकडे मूळ ग्रीक संहितेचे असतात, त्यामुळे कुठल्याही दोन अनुवादांत तोच उतारा शोधता येतो. (अनुवादात ओळी दोन-चारने पुढेमागे होतात, तेवढं धरून चाला.) शक्य असेल तर दोन अनुवाद जवळ ठेवा: एक शब्दाला धरून चालणारा, दुसरा प्रयोगासाठी केलेला. कथासारांश किंवा रूपांतर यावर भागवू नका. रूपांतर करणारे सर्वांत आधी कोरसची (एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या समूहाची) गाणी आणि शपथा-याचना कापतात, आणि नायिकेचं निम्मं काम तिथेच चाललेलं असतं.

संदर्भ म्हणून एवढं पुरे. ही नाटकं इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये, डायोनिससच्या मोठ्या उत्सवातल्या स्पर्धेत होत. लेखक पुरुष, नट पुरुष. बोलणारे नट जास्तीत जास्त तीन, सगळे मुखवटे घालून. कोरसमध्ये आधी १२ जण, पुढे १५. त्या काळच्या अथेन्समधल्या स्त्रीला कायद्याच्या दृष्टीने पालक लागे, ज्याला 'किरिओस' म्हणत: आधी बाप, मग नवरा, नवरा नसेल तर मुलगा किंवा जवळचा पुरुष नातेवाईक. एक मेडिम्नोस (धान्याचं एक माप) बार्लीच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार तिला करता येत नसे. आपलं लग्न ती स्वतः ठरवू शकत नसे. इतिहासकार थ्युसिडिडीजने दिलेल्या भाषणात अथेन्सचा नेता पेरिक्लीज विधवांना सांगतो की पुरुषांत जिचं नाव कमीत कमी निघतं, तिची कीर्ती मोठी. आणि तरीही ज्या ३२ शोकांतिका आज पूर्ण उपलब्ध आहेत, त्यांत एकही स्त्रीपात्र नाही अशी एकच आहे, सोफोक्लीजचं 'फिलोक्टेटीस'.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून वाचायचं, पण घाईने जोडायच्या नाहीत. गोष्टी पुराणकाळातल्या आहेत आणि घडतात बहुधा थीब्ज, आर्गोस, कॉरिंथ अशा परक्या शहरांत. त्यामुळे 'अथेन्सच्या बायका अशा वागत' असा निष्कर्ष या नाटकांवरून काढता येत नाही. उलट, अथेन्सच्या प्रेक्षकाला कशाची धास्ती वाटत होती, याचा माग मात्र काढता येतो.

चार रकान्यांची वही

बहुतेक शोकांतिका १,००० ते १,७०० ओळींच्या आहेत. पहिल्यांदा सलग वाचा, काहीही लिहू नका. दुसऱ्या वाचनाला वहीच्या पानावर चार रकाने पाडा: ओळी, कोण येतं आणि त्याला काय हवं आहे, नायिका कोणतं साधन वापरते, जाताना तो काय घेऊन जातो. प्रत्येक भेटीला एक आडवी ओळ.

सुरुवात 'मीडिया'पासून करा (युरिपिडीज, इ.स.पू. ४३१, १,४१९ ओळी). इथे भेटी सुट्या सुट्या आहेत, त्यामुळे रकाने सहज भरतात.

२७१ ते ३५६: कॉरिंथचा राजा क्रेऑन येतो. मीडियाचा नवरा जेसन याने तिला सोडून या राजाच्या मुलीशी लग्न केलं आहे. तिला आत्ताच्या आत्ता हद्दपार करायचं, ती गेल्याशिवाय आपण परतणार नाही, असं म्हणतो. ती त्याचे गुडघे धरते, मग हात, आणि शेवटी मुलांचा विषय काढते: तूही बाप आहेस. तो एक दिवस देतो, आणि देताना आपण चूक करतो आहोत हेही बोलून दाखवतो. साधन: शरणयाचना. ग्रीक संस्कृतीत गुडघे, हात किंवा हनुवटी धरून केलेली याचना झिडकारणं हे देवाच्या दृष्टीने जोखमीचं असे, त्यामुळे याला नुसती अजीजी समजू नका. तिच्या हातातलं ते खरंखुरं हत्यार आहे.

४४६ ते ६२६: जेसन येतो. ती खरं बोलते. मी तुला वाचवलं, बापाचं घर सोडलं, तू शपथ मोडलीस. सगळं मुद्देसूद. चौथ्या रकान्यात काय लिहाल? काही नाही. तो आला तसाच जातो.

६६३ ते ७६३: अथेन्सचा राजा एजिअस वाटेत भेटतो. त्याला मूल नाही. ती ते होईल असं वचन देते आणि बदल्यात आसरा मागते. तो 'हो' म्हणतो, तेवढ्यावर ती थांबत नाही. पृथ्वी आणि सूर्य यांच्या नावाने शपथ घ्यायला लावते, शपथेचे शब्दही तीच सांगते. ज्या समाजात स्त्रीला स्वतःचा करार करता येत नाही, तिथे एक परदेशी बाई एका राजाशी तह करते आहे. हा प्रवेश घाईत वाचला जातो, कारण तो कथानकाला जोडलेल्या ठिगळासारखा वाटतो. माझ्या मते नाटकाची खीळ इथे आहे.

८६६ ते ९७५: जेसन पुन्हा. या वेळी ती खोटं बोलते. मी मूर्ख होते, बायका अशाच असतात, तूच शहाणा. तो खूश होतो आणि विषारी वस्त्र व मुकुट घेतलेल्या मुलांना स्वतः राजकन्येकडे नेतो.

आता जेसनच्या दोन भेटी शेजारी ठेवा. सत्याने काहीच हललं नाही, आणि त्याला हवी तशी बाई बनून दाखवल्यावर सगळं हललं. हे तुमच्या टिपणाचं पहिलं खरं निरीक्षण. 'मीडिया धूर्त आहे' एवढं लिहून भागत नाही. तिला धूर्तपणा का निवडावा लागला, हे नाटकाने आधीच्या प्रवेशात दाखवून ठेवलं आहे.

याच वहीत आणखी एक गोष्ट सापडते. ३७४-३७५ या ओळींत ती कोणाकोणाला मारणार ते सांगते: बाप, मुलगी आणि नवरा. मुलांचं नाव नाही. ७९२ पर्यंत येताना नवरा यादीतून निघालेला असतो आणि मुलं आलेली असतात. मधे कोण येऊन गेलं? जेसन आणि निपुत्रिक एजिअस. नेमकं कशामुळे तिचं मन तिकडे वळलं, यावर मतं वेगळी असू शकतात, पण उत्तर या दोन भेटींच्या आतच शोधायला हवं. 'ती पहिल्यापासून मुलांना मारणार होती' असं लिहिणारे इथेच चुकतात: दाई सुरुवातीला मुलांबद्दल भीती व्यक्त करते, आणि ते दाईच्या भीतीला मीडियाचा बेत समजतात.

दार कोणाच्या ताब्यात आहे

रंगमंचामागे एक इमारत, तिला मधोमध एक मोठं दार, आणि दोन्ही बाजूंनी लांबून येणाऱ्या वाटा. घर स्त्रीचं, बाहेरची मोकळी जागा पुरुषांची, अशी साधी विभागणी. प्रत्येक नाटकात दारातून जाणारी-येणारी पात्रं ओळींसकट मांडा आणि विचारा: आत कोणी जावं, हे कोण ठरवतं?

या प्रश्नाचं सर्वांत भव्य उत्तर एस्किलसच्या 'अगामेम्नॉन'मध्ये आहे (इ.स.पू. ४५८, 'ओरेस्टिया' या नाट्यत्रयीतलं पहिलं). ट्रॉय जिंकून राजा रथातून येतो. त्याला फक्त घरात जायचं आहे. दाराशी क्लायटेम्नेस्ट्रा उभी आहे आणि तिने जमिनीवर जांभळट-लाल रंगाची मौल्यवान वस्त्रं अंथरली आहेत. देवांसाठी राखलेला मान माणसाने घ्यायचा नाही, म्हणून तो नाही म्हणतो. मग ९३१ ते ९४३ एकेका ओळीची झटापट होते. तेरा ओळी, सात तिच्या, सहा त्याच्या.

या तेरा ओळी स्वतंत्र कागदावर उतरवून घ्या आणि तिच्या प्रत्येक ओळीपुढे तिने काय केलं ते एका क्रियापदात लिहा. ती आधी त्याला मनातलं बोलायला लावते. मग विचारते, भीतीपोटी देवांना असा नवस बोलला असतास का? तो मान्य करतो, आणि हे कृत्य काही झालं तरी निषिद्धच, हा त्याचा आधार तिथेच ढासळतो. मग विचारते, ट्रॉयच्या राजाने, प्रायमने, काय केलं असतं? तो म्हणतो, तो चालला असता. म्हणजे हरलेल्या शत्रूच्या मापाने तो स्वतःला मोजू लागला. तो लोकनिंदेचा मुद्दा काढतो, ती म्हणते ज्याचा हेवा होत नाही तो थोर नाही. तो चिडून म्हणतो, झुंजीची हौस बाईला शोभत नाही. ती म्हणते, जिंकणाऱ्याने हार घेणंही शोभून दिसतं. पुढच्या दोन ओळींत तो शरण येतो आणि ९४४ ला पायातले जोडे काढायला सांगतो.

प्रत्यक्ष खून पडद्याआड, पुढे ४०० ओळींनी होतो. पण अगामेम्नॉन हरतो तो इथे, सगळ्यांच्या देखत, वादात. क्लायटेम्नेस्ट्रेच्या ताकदीचा पुरावा म्हणून बरेच जण खुनानंतरचं, १३७२ पासूनचं भाषण देतात. ते भाषण थरारक आहेच: आधी सोयीचं बोलले, आता उलट बोलायला लाजणार नाही, असं ती प्रेतांशेजारी उभं राहून सांगते. तरी माझा आग्रह आहे की आधी या तेरा ओळींना वेळ द्या.

मग लगेच वाचायचं १०३५ ते १०६८. तीच राणी, तेच दार, आणि ट्रॉयहून बंदी करून आणलेली, भविष्य दिसणारी कॅसांड्रा. राणी तिलाही आत बोलावते. कॅसांड्रा उत्तरच देत नाही. राजाला तेरा ओळींत वाकवणारी बाई एका गुलाम मुलीपुढे हात टेकते आणि एकटीच आत जाते. नंतर कॅसांड्रा बोलू लागते, आत काय होणार ते सगळं सांगते, आणि १३३० ला आपल्या पायांनी आत जाते. या घरात काय वाढून ठेवलंय हे ओळखून दार ओलांडणारी ती एकटीच. सशक्त स्त्री म्हणून क्लायटेम्नेस्ट्रा निवडलीत तर कॅसांड्राला वगळू नका. एकीच्या शब्दाची मर्यादा दुसरीमुळे कळते.

'मीडिया'तही शेवटी दाराचाच खेळ आहे. जेसन दार फोडायला निघतो, प्रेक्षक दाराकडे बघतात, आणि मीडिया वर दिसते, क्रेनने उचललेल्या रथात (१३१७ पासून). ती जागा एरवी देवांची. शेवटी येऊन पुढचे विधी नेमून देणं हे देवांचं काम असतं. इथे ते ती करते.

ऐकणारे कोण आहेत

कोरस वगळून वाचणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. मीडियाभोवती कॉरिंथच्या स्त्रिया आहेत. २१४ ते २६६ या भाषणात ती त्यांच्याशी स्त्री म्हणून बोलते (एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणात उभी राहीन, ते याच भाषणात), आणि शेवटी त्यांच्याकडून गप्प राहण्याचं वचन घेते. भाषणाचा उद्देश हे वचन आहे. त्यातून एक परिच्छेद उचलून 'युरिपिडीजचे स्त्रीविषयक विचार' म्हणून देणं चूक आहे, कारण बोलणारी व्यक्ती त्या क्षणी कोणाला तरी आपल्या बाजूला ओढते आहे. स्वतःचं वेगळेपण, आपण परक्या आणि एकट्या, हेही ती त्यात सांगते.

अँटिगनीभोवती थीब्जचे म्हातारे पुरुष आहेत, राजाने बोलावलेले. तिला त्यांच्याकडून काहीच मिळत नाही.

सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'त (इ.स.पू. ४४१च्या सुमारास) चार रकान्यांची वही वेगळीच दिसते. ती कोणालाच पटवत नाही. बहीण इस्मिनी आधी नकार देते. तिच्या भावाला माती द्यायला बंदी करणारा थीब्जचा राजा क्रेऑन ('मीडिया'तला नव्हे) हलत नाही. पण चौथ्या रकान्यात क्रेऑनची भाषा बघा. आधी तो शहर, कायदा, शत्रू असं बोलत होता. ४५० ते ४७० मध्ये ती देवांच्या अलिखित कायद्यांविषयी बोलते, आणि त्यानंतर ४८४ ला तो म्हणतो, हिला हे पचलं तर पुरुष ही ठरेल, मी नाही. ५२५ ला: मी जिवंत असेतो बाई राज्य करणार नाही. कायद्याचा वाद तिने त्याच्या पुरुषपणाच्या भीतीवर आणून सोडला. बेत बदलत नाही, पण त्याची खरी कारणं उघडी पडतात. इस्मिनी ५३६ ला परत येऊन गुन्ह्यात वाटा मागते, आणि अँटिगनी तो तिला देत नाही. हा कठोरपणा टिपणात आला पाहिजे.

अँटिगनी ९४३ ला जाते, नाटक १,३५३ ओळींचं आहे. म्हणजे सुमारे चारशे ओळी ती नाही. सर्वांत जास्त ओळीही क्रेऑनच्या तोंडी आहेत. तेव्हा ओळी मोजून पात्राचं वजन ठरवू नका. ती गेल्यावर कोण तिच्याबद्दल काय बोलतं, ते लिहा.

नको वाटणाऱ्या ओळी

प्रत्येक नायिकेच्या तोंडी एक तरी उतारा असतो, जो तिच्या चाहत्यांना अडचणीचा वाटतो. अँटिगनीचा ९०४ ते ९२०: नवरा किंवा मूल गेलं असतं तर मी हा कायदा मोडला नसता, कारण ते दुसरे मिळू शकतात, आईबाप गेल्यावर भाऊ दुसरा मिळत नाही. इतिहासकार हेरोडोटसमध्ये हाच युक्तिवाद एका पर्शियन स्त्रीच्या तोंडी आहे. जर्मन कवी गटेने १८२७ साली इच्छा व्यक्त केली होती की कोणा विद्वानाने या ओळी मागाहून घुसडलेल्या आहेत असं सिद्ध करावं. पण अ‍ॅरिस्टॉटलने त्या अँटिगनीच्या म्हणूनच उद्धृत केल्या आहेत. मीडियाच्या १०२१ ते १०८० या स्वगतातल्या १०५६ पासूनच्या ओळींवरही काही संपादकांचा संशय आहे.

अशा उताऱ्याला दोन टिपणं करा: तो धरून पात्र कसं दिसतं, आणि वगळून कसं दिसतं. अलिखित कायदे सर्वांसाठी आहेत असं म्हणणारी मुलगी मरणाच्या दारात 'फक्त याच भावासाठी' म्हणते, तेव्हा ती तत्त्वाची मूर्ती राहत नाही. मला ती तिथे जास्त खरी वाटते. मीडियाच्या स्वगतात तिचं मन किती वेळा पलटतं ते ओळींसकट मोजा. १०४९ चा पलटा कशाने होतो ते खास बघा. शत्रूंनी हसू नये म्हणून. ८०७ ते ८१० मध्येही ती हेच म्हणते: मला कोणी दुबळी समजू नये, मित्रांना भली आणि शत्रूंना भारी. ही रणांगणावरच्या वीरांची नीती आहे, आणि तिच्या पायी मुलांचा जीव जातो. तिच्या दुःखाची बाजू घेताना हे झाकू नका, आणि हे दाखवताना जेसनची मोडलेली शपथ विसरू नका.

मौन आणि गाणं

मौनाच्या जागांना वहीत वेगळी खूण करा. सोफोक्लीजच्या 'ट्रॅकिनियन स्त्रिया'मध्ये नायिका डियानायरा ८१३ ला एक शब्द न बोलता आत जाते. 'अँटिगनी'त राणी युरिडिसी मुलाच्या मृत्यूची हकीकत ऐकून तशीच जाते. दोघीही आत्महत्या करतात. युरिपिडीजच्या 'अल्सेस्टिस'च्या शेवटी मरणातून परत आलेली अल्सेस्टिस बोलत नाही. तीन दिवस बोलायचं नाही असं कारण दिलेलं आहे, तरी प्रयोग करणाऱ्यांना ते मौन कसं दिसावं हे ठरवावंच लागतं.

गाणं कुठे आणि बोलणं कुठे, हे अनुवादात लपून जातं. चांगल्या आवृत्तीत गाण्याच्या ओळी आत सरकवून छापतात. दुःखात गाणं हे बहुतेकदा स्त्रीपात्रांकडे येतं. अँटिगनी आणि कॅसांड्रा गातात. क्लायटेम्नेस्ट्रा आणि रंगमंचावर आल्यानंतरची मीडिया जवळजवळ सगळं बोलण्याच्या वृत्तात बोलतात, म्हणजे पुरुषांच्या वादाच्या भाषेत. वाचिक अभिनय करणाऱ्यांनी हा फरक पाळला तर पात्रं आपोआप वेगळी होतात. सगळ्या जणींना सारख्याच वरच्या पट्टीत ओरडायला लावलं की प्रयोग पहिल्या अर्ध्या तासात थकतो.

पुढचा सराव

हात बसला की इलेक्ट्रा घ्या, तिघा नाटककारांची; ही अगामेम्नॉन आणि क्लायटेम्नेस्ट्रा यांची मुलगी. एस्किलसचं 'लायबेशन बेअरर्स', सोफोक्लीजचं 'इलेक्ट्रा' आणि युरिपिडीजचं 'इलेक्ट्रा'. एकच प्रसंग निवडा, भाऊ-बहिणीची ओळख पटण्याचा. एस्किलसमध्ये केसांची बट, पावलांचे ठसे आणि तिने विणलेलं कापड. युरिपिडीजची इलेक्ट्रा नेमक्या याच खुणांची खिल्ली उडवते आणि ओळख जुन्या व्रणावरून पटते. सोफोक्लीजमध्ये ती भावाच्या अस्थी समजून रिकामा कलश उराशी धरते, तेव्हा तिचं दुःख बघून भाऊ स्वतःच राहवत नाही म्हणून बोलतो. मग आईच्या खुनाच्या वेळी ती कुठे आहे ते तिन्हींत लिहा. एस्किलसची इलेक्ट्रा खुनाच्या कितीतरी आधी आत पाठवली जाते आणि परत येत नाही. सोफोक्लीजची दाराबाहेर उभी राहून 'बळ असेल तर आणखी एक घाव घाल' असं भावाला ओरडून सांगते. युरिपिडीजची बाळंतपणाच्या खोट्या निरोपाने आईला घरी बोलावते आणि तलवारीला स्वतः हात लावते. तिन्ही वह्या शेजारी उघड्या ठेवून चौथा रकाना भरा, आणि त्यानंतरच या तिघींपैकी कोणती जास्त खंबीर यावर लिहायला घ्या.